सज्ज्यावरचं कुंपण

"या खांबापासून त्या खांबापर्यंत," साहेब बोटानं हवेत रेघ ओढत म्हणाले, "दुहेरी ओळ. दाट लावायची. वर्षभरात माणसाच्या डोक्यावर गेली पाहिजे."

मुकादमानं कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. बत्तीस पावलांचा कठडा. इतक्या वर्षांत तो इतक्यांदा चालून झाला होता की आता नुसत्या डोळ्यांनीही मोजला जाई.

"साहेब, इथं झाडं लावली तर समोरचं दिसायचं कसं?"

"दिसू नये म्हणूनच लावायची ना, मुकादम." साहेब हसले नाहीत. दरीकडे पाठ करून ते रुमालानं मान पुसत होते. "लोकांच्या तक्रारी येतात. एवढा चढ चढून यायचं आणि बघायचं काय, तर ते." 'ते' म्हणताना त्यांनी नुसताच अंगठा खांद्यावरून मागे केला.

मागे, दरीच्या पलीकडच्या उतारावर, 'ते' उभं होतं. दोन वर्षांपूर्वी तिथे जमिनीखाली गॅस सापडला. बघता बघता झाडी उतरली, उतार सपाट झाला, आणि भादरलेल्या डोक्यासारख्या त्या सपाटीवर विहीर खणणारा लोखंडी मनोरा आला. मग शेजारी दुसरा. मग पाण्याच्या आणि आणखी कसल्या कसल्या टाक्या. डोंगराच्या अंगावरून टँकरचा नागमोडी रस्ता निघाला. एका उंच नळीच्या तोंडाशी दिवसाढवळ्या ज्योत जळत असे. उन्हात ती ज्योत दिसायचीही नाही; तिच्यामागचा डोंगर तेवढा थरथरताना दिसे.

"सुरूची झाडं लावू," साहेब म्हणाले. "भराभर वाढतात. रोपं परवा येतील, कंपनीच पाठवतेय. नळ दिले, स्वच्छतागृह बांधून दिलं, तशीच ही रोपं."

मुकादम "बरं" म्हणाला. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत साहेबलोकांसमोर तो 'बरं' याखेरीज फारसं काही बोलला नव्हता, आणि निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना अंगाला नवी सवय लावून घ्यायचं काही कारणही नव्हतं.

बाग टेकडीवर होती, आणि खरं सांगायचं तर बाग म्हणून तिच्यात सांगण्यासारखं फार नव्हतं. हिरवळ, कारंजं, घसरगुंडी. असायचं तेवढं सगळं होतं. लोक दम खात चढ चढून यायचे ते सज्ज्यासाठी. टेकडीच्या कड्यावर बांधलेला फरसबंदी ओटा, पुढे कठडा आणि कठड्याकडे तोंड केलेली चार लोखंडी बाकं, एवढाच तो सज्जा. पण तिथून खाली दरी दिसायची, दरीत वळण घेत गेलेली नदी दिसायची, आणि पलीकडे दोन डोंगर. एकमेकांकडे पाठ फिरवून बसल्यासारखे ते दिसत, म्हणून सगळे त्यांना 'जावाजावा' म्हणत. सकाळी थोरलीच्या तोंडावर ऊन असे आणि धाकटी सावलीत फुरंगटून बसे, दुपारनंतर उलट. धाकटीच्या माथ्यावर ढगाचा पुंजका आला की बाकावरचा कुणीतरी म्हणे, "आज चूल धाकटीकडे दिसतेय."

कठड्याखालच्या उतारावर झाडं माजत. ती वाढून नजरेच्या आड येऊ नयेत हे बघणं, हे मुकादमाचं काम. त्याला नोकरीत घेणाऱ्या थोरल्या मुकादमांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "डोळ्याची तीन मापं असतात. उभ्या माणसाचं एक, बसलेल्याचं एक, आणि लेकराचं एक. तिन्ही मापांनी बघ, मग कात्री चालव." तेव्हापासून तो आधी कठड्याशी उभा राही, मग बाकावर बसे, मग जमिनीवर उकिडवा बसून मान वर करी. नव्यानं आलेली एक बाई एकदा काळजीनं म्हणाली होती, "काका, कंबर धरलीय का?"

समोरचं किती सुंदर दिसतं असं लोक म्हणत. ते कुणीतरी राखलेलं आहे, असं कुणाच्या मनातही येत नसे. तसं येऊ नये, हीच काम नीट झाल्याची खूण होती, आणि मुकादमाला ती पुरत होती.

"म्हणजे आजवर जे कापत आलात, तेच आता लावायचं?" घरी त्याची बायको म्हणाली. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "लावा. निवृत्त व्हायच्या आत दोन्ही कामं शिकून घ्या."

मुकादम हसला. त्या मनोऱ्यांबद्दल घरात बोलायचं नाही, असं त्यानं स्वतःशीच ठरवून टाकलेलं होतं. त्याला कारण होतं त्याचा जावई.

जावई वेल्डर. कारखाना बंद पडला तेव्हा लेक, जावई आणि चार महिन्यांची नात या दोन खोल्यांत राहायला आली, ती दीड वर्ष राहिली. जावई माणूस सालस. पहिल्या महिन्यात त्यानं घरातलं मोडलेलं सगळं दुरुस्त केलं: दाराची बिजागरी, कढईचा कान, शेजारच्यांच्या खिडकीचे गजसुद्धा. मग दुरुस्त करायला काही उरलं नाही आणि तो नुसताच भिंतीला टेकून बसू लागला. जेवताना कुणाच्या लक्षात येऊ नये इतकं थोडं थोडं कमी वाढून घेऊ लागला. समोरासमोर आले की सासरा आणि जावई दोघंही कुठलीतरी तिसरीच वस्तू शोधत असल्यासारखं करत. त्याला काम दिलं ते पलीकडच्या डोंगरावरच्या कंपनीनं. कामावरून आला त्या पहिल्या दिवशी त्यानं ताटात दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि मुकादमाची बायको आत जाऊन पदरात तोंड लपवून रडली.

आता लेकीचं स्वतःचं घर होतं. अशा घरासमोर डोंगराचं गाऱ्हाणं कोणत्या तोंडानं गायचं?

रोपं आली. मुकादमानं चर खणले, वीतभराच्या अंतरानं दुहेरी ओळ लावली. शेवटच्या खांबाशी पोचला तेव्हा सुट्टीचा दिवस धरून जावई नातीला खांद्यावर घेऊन वर आला.

"मामा, ते बघा," त्यानं कठड्याशी येऊन हात लांब केला. "डावीकडून तिसरी टाकी. तिचं सगळं जोडकाम माझं. तपासणीला आलेला माणूस म्हणाला, बोट फिरवलं तरी सांधा लागत नाही."

मुकादमानं पाहिलं. एवढ्या लांबून टाकीचा सांधा काय दिसणार? पण टाकी होती, गोल, चकचकीत, आणि नदीचं वळण जिथे सुरू व्हायचं नेमकी तिथे.

"चांगलं झालंय, जावईबापू," तो म्हणाला. आणि ते त्यानं मनापासून म्हटलं.

जावयानं खाली रोपांकडे पाहिलं. "हे कशाला?"

"कुंपण. पलीकडचं दिसू नये म्हणून."

"काहीच दिसणार नाही?"

"काहीच नाही."

नात सुरूचा शेंडा ओढायला वाकली तेव्हा तिला सावरत जावई एवढंच म्हणाला, "एवढं वाईट दिसतं का हो, मामा?"

मुकादम झारी भरायला गेला.

सुरू वाढला. सहा महिन्यांत छातीला आला, दहा महिन्यांत कठड्याशी उभ्या माणसाच्या डोक्यावरून गेला. मुकादम तो कात्रीनं तासून भिंतीसारखा सपाट ठेवी. काम उत्तम झालं होतं. बागा बघायला म्हणून आलेले दुसऱ्या गावचे दोन माळी त्याची तारीफ करून गेले. कुटुंबं त्या हिरव्या भिंतीपुढे उभी राहून फोटो काढत. यंत्रांची घरघर तेवढी पलीकडून येत राही, पण तिलाही लोक सरावले.

सरावल्या नाहीत त्या फक्त मास्तरीणबाई. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या, दोन्ही गुडघ्यांनी अधू. रोज सकाळी काठी टेकत वर येत आणि दुसऱ्या बाकावर तासभर बसत. कितीतरी वर्षं त्यांनी पोरांना याच बाकापुढे उभं करून नदी वळण का घेते ते शिकवलं होतं.

"मुकादम, मला बसून काही दिसत नाही हो," कुंपण कमरेएवढं झालं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या.

"उभ्यानं दिसतंय अजून, बाई."

"उभं राहता आलं असतं तर बाकावर कशाला बसले असते?"

त्या चिडल्या नव्हत्या. पण घरी जाऊन त्यांनी अर्ज लिहिला. मग दुसरा, तिसरा. सार्वजनिक बागेतून दिसणारं दृश्य ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं काहीसं त्यात होतं. "उत्तर येत नाही तोवर लिहीत राहायचं," त्या मुकादमाला सांगत. "मुलांचे गृहपाठ तपासून तपासून माझा हात अजून चालतो."

आणि उत्तर आलं. कंपनीला धाकटीच्या उतारावर विहिरींची दुसरी रांग हवी होती. त्याआधी बागेतून काय दिसतं याची पाहणी करावी लागेल, असं सरकारी कचेरीनं ठरवलं. बाईंच्या अर्जांचा आधार त्यात दिलेला होता. बाईंनी ते पत्र पर्समधून काढून मुकादमाला वाचून दाखवलं. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्या नंबरानं पास झालेल्या मुलीचा आनंद होता.

साहेबांनी मुकादमाला कचेरीत बोलावलं. "गुरुवारी पाहणी आहे. कुंपण नीट तासून ठेवा. एक भोक दिसता कामा नये. सज्ज्यावरून फोटो घेतील. फोटोत काय येईल? हिरवळ. मग दृश्याचं नुकसान कुठे झालं? संपला विषय." मग जरा थांबून, कागदांवर नजर ठेवून ते म्हणाले, "आणि विचारलंच कुणी, तर कुंपण जुनं आहे म्हणायचं. पहिल्यापासून आहे."

मुकादम "बरं" म्हणाला. चौदा महिन्यांपूर्वी ती रोपं कशासाठी आली होती, ते त्याला तेव्हा कळलं. लोकांच्या डोळ्यांसाठी नव्हती ती. या एका फोटोसाठी होती.

बुधवारी संध्याकाळी लेक आली. नातीला आजीकडे सोडून ती बापापाशी येऊन बसली. इकडचं तिकडचं झालं.

"बाबा, उद्या पाहणी आहे ना? यांच्या कामावर सगळे तेच बोलतायत. दुसरी रांग मंजूर झाली तर पाच-सहा वर्षं काम आहे. नाही झाली तर पुढच्या महिन्यात हे घरी."

"हं."

"मी तुम्हाला काही सांगत नाहीये हां, बाबा. मी फक्त सांगतेय."

ती गेल्यावर बायको म्हणाली, "सांगत नाहीये म्हणते आणि सांगते. पोरगी तुमच्यावर गेलीय. तुम्ही बोलत नाही आणि तरी सगळं कळतं." थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "काय करणार आहात?"

"मला कोण विचारतंय?" मुकादम म्हणाला. तो खरोखरच तसं समजत होता.

गुरुवारी सकाळी पाहणीच्या बाई आल्या. चाळिशीच्या, उन्हानं रापलेल्या, खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी. त्यांच्याबरोबर साहेब आणि कंपनीचे एक गृहस्थ, ज्यांनी बागेत यायला पांढरेशुभ्र बूट घातले होते आणि जे दर पावलाला खाली बघत होते. दुसऱ्या बाकावर मास्तरीणबाई आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांना उठवायची कुणाची हिंमत झाली नाही.

पाहणीच्या बाईंनी कॅमेरा स्टँडवर चढवला. चारही बाकांवरून फोटो घेतले. चारही फोटोंत हिरवी भिंत.

"प्रस्तावित विहिरी इथून दिसतील?" त्यांनी हातातला छापील कागद वाचत विचारलं.

"एकही नाही," पांढरे बूट म्हणाले. "तुम्हीच बघताय."

"कुंपण कधीचं आहे?"

"जुनंच आहे," साहेब म्हणाले. "पहिल्यापासूनचं. काय मुकादम?"

सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. 'बरं'सारखा एक 'हो' त्याच्या जिभेवर तयार होता. लेक डोळ्यांसमोर होती, भिंतीला टेकून बसलेला जावई होता, कोपऱ्यात उरलेले नोकरीचे दहा महिने होते. आणि त्याची नजर सवयीनं कुंपणाच्या बुडाशी गेली.

"चौदा महिने," तो म्हणाला.

"काय?"

"चौदा महिन्यांचं आहे, बाई. बुंधे बघा ना. अंगठ्याएवढेसुद्धा नाहीत अजून. जुनं असतं तर मनगटाएवढे झाले असते." तो हे भांडायच्या सुरात म्हणाला नाही. रोपाचं वय कुणी चुकीचं सांगितलं की माळी जसं सुधारून देतो, तसं म्हणाला. नंतर कितीही आठवून पाहिलं तरी, त्या क्षणी आपण काही धैर्य वगैरे दाखवत होतो असं त्याला वाटलं नाही. रोपाबद्दल खोटं त्याला बोलता आलं नाही, एवढंच.

साहेबांचा चेहरा उतरला. पाहणीच्या बाई खाली वाकल्या, बुंधा बघून उठल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

"मागचं बघता येईल?"

"येईल की." मुकादमानं कात्री उचलली. "किती कापू?"

"मला दिसेल एवढं."

"उभ्यानं की बसून?"

बाईंना प्रश्न कळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी मास्तरीणबाईंकडे पाहिलं. "बसून."

मुकादम बाकावर मास्तरीणबाईंच्या शेजारी बसला. एवढ्या वर्षांत लोकांच्या देखत तो त्या बाकावर असा कधी बसला नव्हता. त्यानं डोळे बारीक करून माप घेतलं, उठला आणि कापायला सुरुवात केली. सुरूच्या हिरव्या काड्या कठड्यावर, फरशीवर, पांढऱ्या बुटांवर पडत राहिल्या. हातभर रुंद आणि हातभर उंच खिडकी पडली तेव्हा तो बाजूला झाला, आणि मग त्यानं स्वतः पाहिलं.

कुंपण वर गेल्यापासून त्यानं पलीकडे पाहिलेलं नव्हतं. खालच्या वाटेनं गेलं असतं तर दिसलं असतं, पण त्यानं ती वाट टाळली होती. थोरली अजून होती, खांद्यापर्यंत. धाकटीचं कपाळ तासून काढलं होतं. दोन मनोऱ्यांचे तीन झाले होते. मधली सगळी झाडी जाऊन तिथे करड्या रंगाची एक लांबलचक पायरी कापलेली होती आणि तिच्यावर टँकर मुंग्यांसारखे ओळीनं उभे होते.

"नदी कुठे गेली?" मास्तरीणबाईंनी विचारलं. त्या बाकावरून पुढे वाकल्या होत्या.

"आहे बाई. टाकीच्या मागे गेली."

पाहणीच्या बाईंनी बराच वेळ फोटो घेतले. मागून लेकराला कडेवर घेऊन एक बाई आली, थबकली आणि मुकादमाला म्हणाली, "अहो, हे कशाला उघडलंत? किती छान हिरवं दिसत होतं."

त्या दिवसानंतर साहेब मुकादमाशी कामापुरतं बोलू लागले. तेही दुसऱ्या माळ्यातर्फे. घरी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, उठून भांडी लावली, सगळी भांडी लावून झाल्यावर म्हणाली, "लेकीला तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार."

त्यानं फोनवर सांगितलं. पलीकडून लेक "अच्छा" म्हणाली. मग नातीला झोपवायचं आहे म्हणाली. त्यानंतर पाच आठवडे ती आली नाही. नातीचा आवाजही फोनवर ऐकू आला नाही. मुकादम कामाला जायचा, कुंपण तासायचा, आणि तासताना त्या खिडकीला हात लावायचा नाही. ती बुजवही कुणी म्हणालं नाही, राखही कुणी म्हणालं नाही.

सहाव्या आठवड्यात साहेबांनी स्वतः हाक मारली. कचेरीत गेला तर खुर्ची दिली. चहा मागवला. खुर्ची आणि चहा मिळून काही बरं होत नाही, हे त्याला माहीत होतं.

"निकाल आला," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज मोकळा होता. "ऐका. 'सदर ठिकाणाहून दिसणारे दृश्य आधीच मोठ्या प्रमाणावर बिघडलेले असल्यामुळे, नव्या विहिरींमुळे त्यात दखल घेण्याजोगी भर पडेल असे वाटत नाही.' मंजूर! मुकादम, मी तुमच्यावर उगाच रागावलो. नुसत्या कुंपणाचे फोटो गेले असते तर बाई शंका काढून अडून बसल्या असत्या. तुम्ही ते कापलंत ते एका अर्थी बरंच झालं."

मुकादमानं कप खाली ठेवला. "म्हणजे बिघडलंय, म्हणून आणखी बिघडवायला हरकत नाही?"

"असं कुठे लिहिलंय?"

"अर्थ तोच ना, साहेब?"

साहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. तीस वर्षांत नव्हे, पण त्यांच्या तीन वर्षांत तरी या माणसानं त्यांना उलटा प्रश्न केला नव्हता. "चहा घ्या," ते म्हणाले. "निवतोय."

मास्तरीणबाईंना त्यानंच सांगितलं. त्यांनी पत्र मागितलं नाही, वाद घातला नाही. काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून त्या बसून राहिल्या.

"मी अर्ज केले नसते तर पाहणीच झाली नसती."

"आणि मी कापलं नसतं तर फोटो निघाले नसते."

"दोघांनी मिळून केलं म्हणायचं," बाई म्हणाल्या, आणि हसायचा प्रयत्न केला. उठताना मुकादमानं त्यांना हात दिला. फाटकापर्यंत तो बरोबर गेला. तिथे त्या म्हणाल्या, "आता मी नाही येत, मुकादम. कुणी विचारलं तर गुडघ्यांचं सांगा."

त्याच संध्याकाळी लेक आली. दारातूनच नातीला त्याच्या अंगावर टाकत ती म्हणाली, "बाबा, सुटलो!" आणि लहान असताना करायची तसं तिनं त्याच्या खांद्यावर कपाळ टेकवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मुकादमाचेही डोळे भरले. त्याला आनंद झाला, अगदी खरा आनंद झाला, आणि तो झाल्याची लाज वाटली, आणि कुठलं काय ते वेगळं करता येईना. त्या रात्री जेवताना बायकोनं त्याला दोनदा विचारलं, मीठ कमी आहे का. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

त्याच्या नोकरीचा शेवटचा महिना उजाडला. कुंपणात पडलेली खिडकी आता साहेबांच्या डोळ्यांवर येऊ लागली होती. बाकावर बसलेली माणसं तिच्यातून बघत, आणि जाताना फाटकापाशी तक्रार लिहून जात.

"कुंपण भरेल तेव्हा भरेल," साहेब म्हणाले. "त्यापेक्षा बाकं फिरवून टाकू. कारंज्याकडे तोंड करून. बाकांचे पाय सिमेंटमध्ये आहेत, कापून पुन्हा जोडावे लागतील. तुमचे जावई वेल्डर ना? सुट्टीच्या दिवशी देतील का करून?"

मुकादमानं चारही बाकं एकदा नजरेनं मोजली. मग म्हणाला, "विचारतो."

जावई रविवारी मशीन घेऊन आला. सकाळभर काम चाललं. आधी त्यानं चारही बाकांचे पाय बुडाशी कापले, मग दोघांनी मिळून एकेक बाक उचलून फिरवलं. जड होती बाकं. दोघांनाही घाम आला. तीन बाकं जोडून झाली. दुसरं बाक, मास्तरीणबाईंचं, शेवटी उरलं; ते का उरलं हे दोघांनीही विचारलं नाही.

पाणी पिताना जावई म्हणाला, "मामा, एक सांगू? त्या दिवशी तुम्ही कुंपणाचं वय सांगितलंत, ते ऐकून मला राग आला होता. खोटं कशाला बोलू? आठ दिवस नीट जेवलो नाही. पण मला जर कुणी विचारलं असतं, हा सांधा किती जुना आहे, तर मलाही खोटं नसतं सांगता आलं."

मुकादमानं मान हलवली. मग तो म्हणाला, "तिकडे काम जपून करा. उंचावर असता तुम्ही."

"हो."

"दोर लावता ना कमरेला?"

"लावतो, मामा."

जावयानं काच असलेला मुखवटा तोंडावर ओढला. "आता हा पाय धरा. सरळ. एक सूतभर माझ्याकडे. हां. आता तोंड फिरवा, या उजेडाकडे बघायचं नसतं. डोळे जातात."

मुकादमानं दोन्ही हातांनी बाकाचा पाय धरला आणि तोंड फिरवलं. पाठीमागे उजेड तडतडू लागला, तेव्हा त्याची सावली पांढऱ्या फरशीवरून कुंपणावर जाऊन थरथरली. खिडकीच्या कडांना नवे कोंभ फुटले होते, निम्मी खिडकी बुजत आली होती. उरलेल्या निम्म्यातून धाकटीचा उतार दिसत होता आणि त्यावरून दोन पिवळी यंत्रं एकामागून एक सावकाश वर चढत होती. ती किती वर जातात ते तो बघत राहिला. हातातलं लोखंड तापत चाललं होतं.

"झालं, मामा," मागून जावई म्हणाला. "सोडा आता."

मुकादमानं लगेच सोडलं नाही.